गाडी कुणाची, वाट कुठली, पैसे किती?

कराडच्या एसटी स्टँडबाहेर वडापची जीप भरताना कधी निवांत उभं राहून पाहावं. "पाटण, पाटण, पाटण" असा एका दमात पुकारा चाललेला. ड्रायव्हरशेजारी तिघं बसलेले असतात, तरी चौथ्यासाठी "जरा आत सरका" होतंच. मागं कुणाच्या मांडीवर पिशवी, कुणाच्या मांडीवर पोरगं. जीप भरल्याशिवाय हलायची नाही आणि भरली की थांबायची नाही. या सगळ्या गोंधळात तीन गोष्टी कुणीच विचारत नाही. भाडं विचारत नाही, कारण पाटणचं भाडं ठरलेलं असतं. वाट विचारत नाही, कारण वाट एकच. आणि ड्रायव्हर कोण हे तर विचारायचा प्रश्नच नाही, त्याच्या बापाला ओळखणारा एक तरी माणूस गाडीत बसलेला असतो.

आता यातल्याच एखाद्या तात्यांना रात्री अकरा वाजता क्वालालंपूरच्या विमानतळाबाहेर उभं करा. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून नाहीतर कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतून शिकलेली पोरं जगभर पांगली आहेत आणि त्यांचे आईबाप दर दोन-तीन वर्षांनी पासपोर्ट शोधू लागतात, त्यामुळे हे चित्र आपल्याकडे नवलाचं राहिलेलं नाही. तात्यांसमोर गाड्यांची रांग आहे, पण कराडला न विचारलेले तिन्ही प्रश्न इथं एकदम अंगावर येतात. हा माणूस कोण? हा कुठून नेणार? हा किती घेणार?

टॅक्सीचा जगभरचा इतिहास म्हणजे अनोळखी शहरात या तीन प्रश्नांची उत्तरं देण्याची खटपट आहे. कुणी ती कायद्यानं दिली, कुणी यंत्रानं, कुणी माणसाच्या मेंदूनं, आणि आता ती वीस हजार किलोमीटरवरून येतात. ही शेवटची गोष्ट इतकी अचाट आहे की फोनवरचं बटण दाबताना क्षणभर हात थांबायला हवा. पण आधी एका सातारकराला भेटून येऊ.

१८३९ साली इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले आणि १८५३ पर्यंत तिथंच लढत राहिले. लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत अर्ज, सभा, भाषणं, पुस्तिका. मधेच १८४७ मध्ये महाराज वारले, १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यच खालसा झालं, तरी हा माणूस मागं हटला नाही. त्यांची चिकाटी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आपल्या कामाची गोष्ट अशी, की ज्या लंडनमध्ये ते राहत होते, त्याच लंडनमध्ये त्याच वर्षांत आपल्या तीन प्रश्नांची उत्तरं कायद्यात लिहिली जात होती.

रस्त्यावर तेव्हा हॅन्सम कॅब धावत. जोसेफ हॅन्सम या वास्तुविशारदानं १८३४ मध्ये या गाडीचं पेटंट घेतलं होतं. पुढे हिचं जे रूप रूढ झालं, त्यात दोन चाकं, एक घोडा, उतारू पुढं आणि गाडीवान मागं उंचावर. बोलायचं असेल तर टपाला एक झरोका, त्यातून वर ओरडायचं. १८४३ च्या कायद्यानं प्रत्येक गाडीवानाला अंगावर नंबराचा बिल्ला लावणं सक्तीचं केलं. म्हणजे 'हा कोण' याचं उत्तर छातीवर आलं. १८५३ च्या कायद्यानं दर बांधला, मैलाला सहा पेन्स. गाडीवान इतके भडकले की त्या जुलैत त्यांनी लंडनमध्ये संपच केला. रिक्षाचे दर आणि संघटनांचा संप ही बातमी आपण दर काही वर्षांनी वाचतो. तिला एवढा जुना वंश आहे.

'कुठून नेणार' याचं उत्तर लंडननं दिलं ते मात्र जगात एकमेव. १८६५ पासून तिथल्या काळ्या टॅक्सीच्या परवान्यासाठी 'नॉलेज' नावाची परीक्षा द्यावी लागते. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते, शिवाय हॉटेलं, दवाखाने, नाट्यगृहं, पुतळे, सगळं तोंडपाठ. परीक्षक दोन ठिकाणं सांगतो, उमेदवारानं मनातल्या मनात गाडी चालवत एकेक वळण बोलून दाखवायचं. तयारीला तीन-चार वर्षं सहज जातात. पोरं मोपेडवर नकाशा अडकवून पावसात फिरताना दिसतात ती यासाठी.

एलिनॉर मॅग्वायर या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी या ड्रायव्हरांच्या मेंदूचे एमआरआय काढले आणि २००० साली निष्कर्ष छापले. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, जागा आणि वाटा लक्षात ठेवण्याशी त्याचा संबंध आहे. या ड्रायव्हरांमध्ये त्याचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, आणि ज्याची टॅक्सीतली वर्षं जास्त त्याचा फरकही जास्त. पुढे नवशिक्या उमेदवारांवर केलेल्या अभ्यासात असंही दिसलं, की परीक्षा पास झालेल्यांच्या मेंदूत ही वाढ झाली, नापास झालेल्यांच्या नाही. म्हणजे शहर पाठ करता करता माणसाचा मेंदूच बदलला.

'किती' या प्रश्नाचं यांत्रिक उत्तर जर्मनीत सापडलं. फ्रीडरिश ब्रून यांनी १८९१ मध्ये चाकाच्या फेऱ्या मोजून भाडं दाखवणारं मीटर बनवलं. मीटर आलं आणि मीटरमध्ये हातचलाखी करणारेही आले. त्यावर इथं काही लिहायला नको, वाचकांना अनुभव असेलच.

मग आला फोन.

आपली एक समजूत असते, की वरून उपग्रह आपल्याला 'बघतो' आणि आपण कुठं आहोत हे सांगतो. खरं उलटं आहे. जीपीएसच्या उपग्रहांना तुमचा पत्ताही नसतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असे तीसेक उपग्रह फिरतात आणि प्रत्येकजण अखंड एकच पुकारा करत असतो: मी अमुक, मी या जागी, आणि आत्ता वेळ ही. तुमचा फोन फक्त ऐकतो. पुकारा किती उशिरा कानावर आला यावरून तो उपग्रह किती लांब आहे हे काढतो. तीन उपग्रहांची अंतरं कळली की जागा सापडायला हवी. पण उपग्रहात अणुघड्याळ आहे आणि फोनातलं घड्याळ त्यापुढे अगदीच साधं, म्हणून फोनची स्वतःची चूक पकडायला चौथा उपग्रह लागतो.

किती बारीक वेळ मोजावी लागते? प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, साधारण ३० सेंटिमीटर जातो. रस्त्याच्या या कडेला उभे आहात की त्या, हे ठरवायचं तर वेळ काही नॅनोसेकंदांपर्यंत बरोबर हवी. इथं आइन्स्टाइन मधे येतात. उपग्रह वेगानं फिरतो म्हणून त्याचं घड्याळ दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागं पडतं. पण पृथ्वीच्या ओढीपासून लांब असल्यामुळे ते सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढंही पळतं. हिशेब करून ३८ पुढं. ही दुरुस्ती केली नाही, तर अंतराचा हिशेब एका दिवसात ११ किलोमीटरहून जास्त चुकेल. सांगली ते मिरज अंतरही एवढं नाही हो! म्हणून उपग्रहातली घड्याळं सोडतानाच मुद्दाम किंचित हळू लावून ठेवलेली असतात. सापेक्षतावादाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर सांगा, रिक्षा दारात येते.

एवढं असूनही फोनवरून गाडी मागवण्याचा हा धंदा विसाव्या शतकात उभा राहिला नसता. अमेरिकी लष्कर सामान्यांना मिळणाऱ्या जीपीएसमध्ये जाणूनबुजून घोळ घालत असे, जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे यायची. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला तो घोळ बंद केला गेला. विचार करा, शंभर मीटरांची चूक असती तर साताऱ्याच्या पोवई नाक्यावर गाडी नेमक्या कोणत्या फाट्यावर येऊन थांबली असती? चीनमध्ये तर आजही नकाशाच कायद्यानं सरकवलेला आहे. तिथल्या अधिकृत नकाशांची मोजणी जीपीएसपेक्षा काहीशे मीटर हललेली असते, म्हणून परदेशी नकाशावर चिनी गल्ली नदीत पडलेली दिसते. चीनला जाणाऱ्यानं तिथलंच ॲप आणि तिथलाच नकाशा वापरावा, याचं एक कारण हे.

जागा कळली, आता गाडी शोधायची. शहरात हजारो गाड्या आणि हजारो माणसं सतत हलत असतात, प्रत्येकाचं प्रत्येकापासूनचं अंतर मोजत बसणं परवडत नाही. उबरच्या अभियंत्यांनी मग सगळी पृथ्वी षटकोनांनी झाकून टाकली आणि २०१८ मध्ये ती पद्धत, एचथ्री नावानं, सगळ्यांसाठी खुली केली. चौकोन का नाहीत? चौकोनाचे आठ शेजारी, त्यातले चार बाजूला लागून आणि चार कोपऱ्यातले, जरा लांब. षटकोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. पण गणिताची एक खोड आहे: गोल पृष्ठभाग नुसत्या षटकोनांनी कधीच पुरा झाकता येत नाही, बारा पंचकोन लागतातच. जुन्या पद्धतीच्या फुटबॉलवरचे काळे तुकडे मोजून पाहा, बाराच भरतील. मग या पंचकोनांचं करायचं काय? त्यांनी पृथ्वीची जाळी अशी फिरवली, की बाराही पंचकोन समुद्रात पडले, जिथं टॅक्सी मागवायला कुणी येणार नाही. मला ही युक्ती वाचून जो आनंद झाला, तो बऱ्याच कवितांनीही दिलेला नाही.

आणि गाडी नेमायची कुणाला? सगळ्यात जवळच्याला, असं वाटतं. समजा साताऱ्यात राजवाड्याजवळ एक माणूस आहे आणि पोवई नाक्यावर दुसरा. एक रिक्षा दोघांच्या मधे, राजवाड्याकडे जरा झुकलेली. दुसरी राजवाड्याच्या थोडी पलीकडे. राजवाड्यावाल्यानं आधी बोलावलं म्हणून मधली, त्याला जवळची रिक्षा त्याला दिली, तर पलीकडची रिक्षा पार नाक्यापर्यंत रिकामी हाकावी लागेल. त्याला पलीकडची दिली असती, तर त्याचं एखादं मिनिट वाढलं असतं आणि दुसऱ्याची बरीच मिनिटं वाचली असती. म्हणून मोठ्या शहरांत ॲप काही सेकंद थांबतं, मागण्या गोळा करतं आणि मग सगळ्यांची जोडी एकदम लावतं. दहा माणसं आणि दहा गाड्या असतील तर जोड्या लावण्याचे ३६,२८,८०० प्रकार होतात. वीस-वीस असतील तर आकड्यात एकोणीस अंक येतात. एकेक तपासायला संगणकही बसला तर पहाट होईल, नव्हे, पिढ्या जातील. हॅरोल्ड कून या गणितज्ञानं १९५५ मध्ये हंगेरीच्या दोन गणितज्ञांच्या कामावरून, सगळे प्रकार न तपासता उत्तम जोडी काढायची रीत दिली. या धंद्यातलं गणित त्याच घराण्यातलं आहे.

वाटेचं गणित त्याहून गमतीशीर जागी सुचलं. १९५६ मध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा हा तरुण आपल्या होणाऱ्या बायकोबरोबर ॲमस्टरडॅममध्ये खरेदीला गेला होता. दमून दोघं एका कॅफेच्या ओट्यावर कॉफी प्यायला बसली, आणि वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, त्यानं सर्वांत जवळची वाट शोधायची रीत मनात जुळवली. लंडनच्या ड्रायव्हरला जे करायला चार वर्षं आणि मेंदूचा आकार खर्ची घालावा लागतो, ते फोन आज डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. मला मात्र अजूनही ड्रायव्हरचंच जास्त कौतुक वाटतं. फोन बंद पडला की सगळं विसरतो.

यंत्र जगभर साधारण सारखं, तरी देशोदेशी दुकानाची पाटी वेगळी. आपल्याला उबर म्हणजेच टॅक्सी वाटते, पण आग्नेय आशियात उबर नाहीच. २०१८ मध्ये तिनं तिथला धंदा ग्रॅबला देऊन काढता पाय घेतला. सिंगापूर, मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम, सगळीकडे ग्रॅब. दुबईत करीम, आणि तिथल्या सरकारी खात्याच्या भागीदारीतली 'हला' सेवा त्याच ॲपवर सरकारमान्य टॅक्सी मागवून देते. युरोपात उबरच्या बरोबरीनं एस्टोनियाची बोल्ट. कोरियात काकाओ, चीनमध्ये दीदी, श्रीलंकेत पिकमी. हे असं का, याचं थोडं उत्तर पुन्हा कायद्यात आहे. युरोपीय न्यायालयानं २०१७ च्या डिसेंबरात सांगितलं की उबर ही नुसती ॲप कंपनी नाही, वाहतूक सेवा आहे. म्हणजे प्रत्येक देश तिला आपापले टॅक्सीचे नियम लावू शकतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तिथल्या चालकांना किमान वेतन आणि भरपगारी रजेचा हक्क दिला.

यातल्या दोन कंपन्यांच्या जन्मकथा आपल्या तीन प्रश्नांशी थेट जुळतात. ग्रॅब २०१२ मध्ये मलेशियात 'मायटेक्सी' नावानं सुरू झाली, ती रात्री एकट्या बाईनं टॅक्सीत बसावं की नाही या भीतीतून. म्हणजे 'हा कोण' यातून. आणि इनड्राइव्ह जन्मली सैबेरियातल्या याकुत्स्कला. पारा उणे ४५ च्या आसपास घसरला, टॅक्सीवाल्यांनी भाव चढवले, तेव्हा चिडलेल्या गावकऱ्यांनी समाजमाध्यमावर गट काढला: मी इतके देईन, कोण येतो? आजही त्या ॲपवर भाडं उतारू सुचवतो आणि चालक वाढवून मागतो. नेपाळात गेलात तर वापरून पाहा. आठवडी बाजारात वांग्याचा भाव करणाऱ्या आपल्या माणसाला ते शिकायला पाच मिनिटं पुरतील.

ॲप सगळीकडे चालतंच असंही नाही. बालीच्या काही भागांत 'इथं ऑनलाइन टॅक्सी चालणार नाही' अशा पाट्याच लावलेल्या असतात, स्थानिक गाडीवाल्यांचा तो इलाखा. महाबळेश्वरला गेलेल्यांना स्थानिक टॅक्सी संघटना, ठरलेले पॉइंट आणि ठरलेले दर ही व्यवस्था माहीत असते. ती मागासलेली नाही. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून मॅनहॅटनला जाणाऱ्या पिवळ्या टॅक्सीचं मूळ भाडंही ठरीव आहे, ७० डॉलर, वर टोल आणि इतर आकार. पॅरिसच्या विमानतळावरूनही बांधलेलाच दर. अशा ठिकाणी अधिकृत रांगेतली टॅक्सी ॲपपेक्षा स्वस्त पडू शकते, आणि आत येऊन "टॅक्सी, टॅक्सी" करणारा माणूस कधीही महागच पडतो.

आता वडापकडे थोडं मानानं बघायला हवं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं विलीज जीप बनवली. युद्ध संपल्यावर फिलिपिन्समध्ये उरलेल्या जीपा लोकांनी घेतल्या, लांब केल्या, रंगवल्या, बाकं टाकली; ती झाली जीपनी, मनिलाची ओळख. इकडे मुंबईत महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्याच विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला घेतली. त्या वंशातली कमांडर पुढे आपल्या घाटमाथ्यावर वडाप झाली. म्हणजे पाटणची जीप आणि मनिलाची जीपनी चुलत बहिणी आहेत. इस्तंबूलचा दोल्मुश, नैरोबीची मटाटू, घानाची ट्रो-ट्रो, सगळ्यांचा कारभार थोड्याफार फरकानं तोच: ठरलेली वाट, ठरलेलं भाडं, भरली की निघाली. अमेरिकेतही १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर खासगी मोटारी पाच सेंटात उतारू उचलू लागल्या होत्या. ट्राम कंपन्यांनी ओरड केली, नियम आले आणि बहुतेक शहरांतून त्या काही वर्षांत नाहीशा झाल्या. एसटी आणि वडापचं भांडण आठवलं की नाही? पुढे २०१४ च्या ऑगस्टमध्ये उबर आणि लिफ्ट या दोघींनी एकाच वाटेचे अनोळखी उतारू एका गाडीत बसवायची योजना मोठ्या गाजावाजानं जाहीर केली. कराड स्टँडबाहेर कुणी टाळ्या वाजवल्याचं ऐकिवात नाही.

तर परदेशी जाणाऱ्या आईबापांना पाठवताना काळजी तंत्रज्ञानाची करू नका, तयारीची करा. त्या देशाचं ॲप घरीच उतरवून, आपल्या नंबरावरून नोंदणी पुरी करा. ओटीपी याच नंबरावर येणार, म्हणून इथलं सिम रोमिंगसह चालू राहू द्या आणि इंटरनेटसाठी तिथलं सिम वेगळं घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवं कार्ड मुळात देशातल्या वापरापुरतंच मिळतं. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात, मर्यादा घालून. राहायच्या जागेचा पत्ता तिथल्या लिपीत फोनमध्ये फोटो काढून ठेवा. गाडीत बसण्याआधी पाटीवरचा नंबर आणि ड्रायव्हरचा चेहरा ॲपशी जुळवा, आपलं नाव सांगू नका, त्यालाच सांगू द्या. आणि हे सगळं निघायच्या आठवडाभर आधी, घरच्या वायफायवर, चहा घेत करून टाका. विमानतळावर उतरल्यावर रात्री अकरा वाजता यातलं एकही काम नीट होत नाही.